वजन घटवण्याचं ऑपरेशन: पाच वर्षांनी काय झालं, हे मोजायचं कुणी?

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सुरू झाल्यापासून एक तुलना सगळीकडे फिरते आहे. सेमाग्लुटाइडने साधारण १५ टक्के वजन घटतं, टर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास, आणि ऑपरेशनने २५ ते ३० टक्के. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की वाचणारा आपापला निष्कर्ष काढतो. कुणाला ऑपरेशन सरळसरळ सरस वाटतं, कुणाला एवढ्याशा फरकासाठी पोटावर सुरी कशाला असं वाटतं.

पण हे तीन आकडे एका जातीचे नाहीत. औषधांचे आकडे चाचण्यांतून आले आहेत. त्या चाचण्या ६८ आणि ७२ आठवडे चालल्या, त्यात भाग घेतलेल्या प्रत्येकाचा हिशेब द्यावाच लागतो. ऑपरेशनचा आकडा मात्र वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या दवाखान्यांतून, वेगवेगळ्या मुदतींवर गोळा झालेला असतो. ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांतल्या किती जणांना नंतर मोजलं, हे बहुतेक वेळा आकड्यासोबत छापलेलंच नसतं. म्हणून काही देशांनी ठरवलं की आपल्याकडे झालेल्या अशा प्रत्येक ऑपरेशनची नोंद एका ठिकाणी ठेवायची आणि त्या माणसाचं पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं पाहायचं. अशा व्यवस्थेला रजिस्ट्री म्हणतात. ती कशी चालते, तिच्यातून काय कळतं आणि ती कुठे फसते, ते समजून घेऊ.

## आधी ऑपरेशनबद्दल थोडं

या सगळ्या ऑपरेशनांना मिळून बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. सध्या सर्वांत जास्त होतं ते स्लीव्ह: जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढतात आणि अरुंद नळीसारखं जठर उरतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न मधला टप्पा टाळून पुढे जातं. दोन्हींत पोटात मावतं कमी, हे खरंच. पण भूक आणि साखर सांभाळणारी आतड्यातली संप्रेरकंही बदलतात, आणि परिणामाचा मोठा वाटा त्यांचा आहे. बँड हा तिसरा प्रकार. जठराभोवती सैल-घट्ट करता येणारा पट्टा बसवायचा. एकेकाळी तो फार लोकप्रिय होता, आता मागे पडला. तो मागे का पडला, हेही मोजल्यामुळेच कळलं. त्याकडे पुढे येऊ.

ही ऑपरेशनं जन्मभराची आहेत. पहिल्या महिन्यात भीती असते ती टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी यांची. पहिल्या दोन वर्षांत वजन झरझर उतरतं. पुढे काहींचं पुन्हा वाढतं, काहींना लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व कमी पडतं, काहींच्या पोटात आतडं अडकतं, स्लीव्ह झालेल्यांपैकी काहींना छातीतल्या जळजळीचा कायमचा त्रास लागतो. म्हणजे एकाच ऑपरेशनचे परिणाम तीन वेगवेगळ्या काळांत पाहावे लागतात, आणि शेवटचा काळ येतो तोवर ऑपरेशन करणारा सर्जन पेशंटच्या आयुष्यातून बहुधा निघून गेलेला असतो.

## ‘माझ्या हातून एकही पेशंट दगावला नाही’ याचा अर्थ काय?

असं सांगणारा सर्जन खरंच बोलत असेल. तरी त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, आणि यात त्याचा दोष नाही.

समजा, या ऑपरेशनात मृत्यूचा धोका हजारात एक आहे. एक सर्जन वर्षाला शंभर ऑपरेशनं करतो, म्हणजे दहा वर्षांत हजार. गणित मांडलं तर अशा दर तीन सर्जनांतल्या एकाच्या हातून दहा वर्षांत एकही मृत्यू होणार नाही. आता दुसरा सर्जन घ्या, ज्याच्याकडे धोका दुप्पट आहे. त्याच्यासारख्या सातांतल्या एकाचीही पाटी दहा वर्षं कोरीच राहील. दोघांची पाटी कोरी, धोका मात्र एकाकडे दुप्पट. तीनशे ऑपरेशनांत एकही वाईट घटना घडली नाही, तरी खरा धोका शंभरात एकपर्यंत असू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. दुर्मीळ गोष्ट मोजायची तर आकडा मोठा लागतो, आणि तो एका माणसाच्या कारकिर्दीत जमत नाही.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. आपले निकाल लिहून प्रसिद्ध कोण करतं? ज्याचे चांगले आहेत तो. अमेरिकेत २००५ साली याचा धक्कादायक प्रत्यय आला. तोपर्यंत नावाजलेल्या केंद्रांच्या लेखांतून या ऑपरेशनातला मृत्युदर एक टक्क्याच्याही खाली दिसत होता. मग संशोधकांनी मेडिकेअर या सरकारी विमा योजनेची बिलं तपासली. सोळा हजारांहून जास्त पेशंट होते आणि त्यांतले दोन टक्के तीस दिवसांत दगावले होते, वर्षभरात ४.६ टक्के. मेडिकेअरमध्ये ६५ वर्षांवरचे आणि अपंगत्व आलेले लोक असतात, म्हणजे मुळात जास्त आजारी, हे ध्यानात ठेवायला हवं. पण ऑपरेशन त्यांच्यावरही होतच होतं, आणि त्यांचा आकडा कुठल्याही लेखात नव्हता. बिलं चाळेपर्यंत तो कुणाला माहीतही नव्हता.

आज परिस्थिती कितीतरी सुधारली आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, भूल सुरक्षित झाली, जिथे नीट नोंदी ठेवतात तिथे तीस दिवसांतले मृत्यू हजारात एकापेक्षाही कमी दिसतात. हे ठामपणे सांगता येतं, कारण आता काही देश सगळ्यांना मोजतात.

## रजिस्ट्रीत नेमकं काय लिहितात?

स्वीडनची रजिस्ट्री २००७ साली सुरू झाली आणि देशातली जवळजवळ सगळी ऑपरेशनं तिच्यात नोंदली जातात. ब्रिटनने २००९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये, इस्रायलने २०१३ मध्ये, नेदरलँड्सने २०१५ मध्ये आपापल्या सुरू केल्या. प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, पण गाभा सारखाच.

ऑपरेशनच्या आधी: उंची, वजन, मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकतो का, जळजळीवर गोळ्या चालू आहेत का, सिगारेट. ऑपरेशनच्या दिवशी: कुठला प्रकार, किती मिनिटं लागली, दुर्बिणीतून सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं का. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत: गळती, रक्तस्राव, गुठळी, पुन्हा भरती, पुन्हा ऑपरेशन. पुढे ठरलेल्या मुदतींवर, स्वीडनमध्ये एक, दोन, पाच आणि दहा वर्षांनी: वजन, चालू असलेली औषधं, रक्ताच्या तपासण्या, आणि ‘तुमचं रोजचं जगणं कसं चाललं आहे’ अशी प्रश्नावली.

यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या आधीच ठरलेली हवी, नाहीतर सगळं वाया जातं. मधुमेह ‘गेला’ असं एक डॉक्टर गोळ्या बंद झाल्यावर लिहील, दुसरा साखर नॉर्मल दिसल्यावर, तिसरा पेशंटच्या सांगण्यावरून. २०२१ साली तज्ज्ञांनी मिळून ठरवलं की औषधं थांबवून किमान तीन महिने झालेले असावेत आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.५ टक्क्यांखाली असावी, तरच मधुमेह ओसरला म्हणायचं. गुंतागुंतीचंही तसंच. ‘थोडा त्रास झाला’ असं लिहून भागत नाही. त्या त्रासावर काय करावं लागलं, नुसतं औषध, पुन्हा ऑपरेशन की अतिदक्षता विभाग, त्यावरून तिची पायरी ठरते.

आणि कुणीतरी अधूनमधून जाऊन तपासावंही लागतं. दवाखान्याने भरलेला फॉर्म आणि पेशंटची मूळ फाइल शेजारी ठेवून दोन्ही जुळतात का ते पाहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण हे ज्या रजिस्ट्रीत होत नाही तिच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

## टक्के कशाचे?

जाहिरातीत ‘८० टक्के वजन घटलं’ असं वाचून बुचकळ्यात पडलेले लोक खूप असतात. शंभर किलोचा माणूस वीस किलोचा होईल का? इथे मोजायच्या दोन पद्धती आहेत.

एक, एकूण वजनाच्या किती टक्के गेलं. दुसरी, ‘जास्तीच्या’ वजनाच्या किती टक्के गेलं. जास्तीचं म्हणजे बीएमआय २५ च्या वरचं. (बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा.)

१६० सेंटिमीटर उंचीच्या दोन बायका घ्या. या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. पहिलीचं वजन १४४ किलो, तिचे ४० किलो गेले. दुसरीचं ९४, तिचे २४ गेले. एकूण वजनाच्या हिशेबाने पहिलीचे जवळपास २८ टक्के गेले, दुसरीचे साडेपंचवीस. म्हणजे पहिली थोडी पुढेच. पण जास्तीच्या वजनाच्या हिशेबाने पहिलीचे ८० पैकी ४० गेले, म्हणजे ५० टक्के, आणि दुसरीचे ३० पैकी २४, म्हणजे ८० टक्के. आता दुसरी कुठल्या कुठे पुढे गेली. या पद्धतीत ५० टक्क्यांच्या वर गेलं तर यश, अशी जुनी रीत आहे; म्हणजे ४० किलो उतरवलेली बाई जेमतेम काठावर पास.

ज्या दवाखान्यात कमी वजनाचे पेशंट जास्त येतात, त्याचा निकाल दुसऱ्या पद्धतीत आपोआप चमकतो. त्यात सुरुवातीचं वजन कुठलं धरायचं हाही प्रश्न आहेच. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून अगदी कमी कॅलरीचा आहार देतात, त्यातही काही किलो जातात. ते किलो सर्जरीच्या खात्यावर लिहायचे की नाही? देशभर एकच नियम असेल तरच दोन दवाखान्यांची तुलना करता येते.

## जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव इथे आहे.

ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी बहुतेक पेशंट तपासणीला येतात. पाचव्या वर्षी येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली गेलेली असते. माणसं गाव बदलतात, नोकरी बदलते, विमा बदलतो. काहींचं उत्तम चाललेलं असतं म्हणून ती येत नाहीत. आणि बऱ्याच जणांचं वजन परत वाढलेलं असतं. वजनकाट्यावर उभं राहायची आणि त्याच डॉक्टरला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटते. आयुष्यभर वजनावरून ऐकून घेतलेल्या माणसाला आपण ऑपरेशनमध्येही नापास झालो असं वाटत असतं. त्याचं न येणं मला पूर्ण समजू शकतं.

पण हिशेबावर त्याचा परिणाम काय होतो पाहा. शंभर जणांचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी चाळीस आले आणि त्यांचं सरासरी २८ टक्के वजन कमी दिसलं. दवाखाना लिहितो, ‘पाच वर्षांनी २८ टक्के’. न आलेल्या साठांचं सरासरी १६ टक्केच कमी झालेलं असेल, तर शंभरांची खरी सरासरी २१ टक्क्यांच्या आत येते. अभ्यासात कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू न देता शाळेने शंभर टक्के निकाल लावावा, तसंच हे. फरक इतकाच की इथे कुणी मुद्दाम कुणाला वगळलेलं नसतं.

म्हणून कुठलाही दीर्घकालीन आकडा ऐकला की पहिला प्रश्न हवा: हा किती जणांपैकी किती जणांचा? चांगल्या रजिस्ट्रीच्या अहवालात हे प्रमाण आकड्याच्या बरोबरीने छापलेलं असतं. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१२ मध्ये दोन संघटनांचे उपक्रम एकत्र करून उभा राहिला, पहिल्या तीस दिवसांची माहिती अतिशय चोख मिळते. पुढच्या वर्षांची मात्र विरळ होत जाते. सांभाळून ठेवलेल्या नोंदींनाही हा रोग चुकत नाही.

स्वीडनला यावर एक वाट सापडली, कारण तिथे प्रत्येक रहिवाशाला जन्मभराचा एक व्यक्तिगत क्रमांक असतो. तोच क्रमांक रुग्णालयातल्या भरतीच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीत आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवर घेतलेल्या प्रत्येक औषधाच्या नोंदीत असतो. औषधांची ही यादी जुलै २००५ पासूनची आहे. त्यामुळे पेशंट पाच वर्षं दवाखान्याकडे फिरकला नाही, तरी त्याने मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा घ्यायला सुरुवात केली का, ते दिसतं. त्याला दुसऱ्या शहरात आतडं अडकल्यामुळे भरती केलं, तेही दिसतं. तपासणीला न आलेल्यांचं वजन काही यातून कळत नाही, पण त्यांची तब्येत कळते.

## मोजल्यामुळे हाती काय आलं?

बायपासमध्ये आतड्यांची नवी मांडणी केली की आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी राहतात. पुढे कधीतरी आतडं त्यात शिरून अडकू शकतं, आणि तसं झालं तर जिवावर बेततं. मग त्या फटी ऑपरेशनच्या वेळीच शिवून टाकाव्यात का? काही सर्जन शिवत, काही म्हणत की शिवण्यानेच आतड्याचा जोड मुरडतो. वर्षानुवर्षं वाद होता, दोन्हीकडे अनुभवी माणसं होती.

स्वीडनमध्ये बारा रुग्णालयांनी हा प्रश्न रजिस्ट्रीवरच सोडवला. २,५०७ पेशंटांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली, एका गटात फटी शिवल्या, दुसऱ्यात नाही, आणि पुढची सगळी माहिती रजिस्ट्रीच्या रोजच्या फॉर्ममधूनच घेतली. २०१६ मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांत आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण शिवलेल्यांत ५.५ टक्के, न शिवलेल्यांत १०.२ टक्के. पण पहिल्या तीस दिवसांतली गंभीर गुंतागुंत शिवलेल्यांत जास्त निघाली, ४.३ विरुद्ध २.८ टक्के, आणि कारण तेच: जोड मुरडणं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. कुठला धोका किती मोठा, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं. एकूण तोलून पाहता फटी शिवाव्यात असं ठरलं, आणि शिवताना जोडाची काळजी घ्यावी हेही.

दुसरं उदाहरण गर्भारपणाचं. हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांत बायका जास्त, त्यातल्या अनेक मूल होण्याच्या वयातल्या. एकेका दवाखान्यात अशी बाळंतपणं मोजकीच दिसणार. स्वीडनमध्ये ऑपरेशनांची आणि जन्मांची नोंद जोडली तेव्हा ऑपरेशननंतरची ५९६ बाळंतपणं सापडली, आणि त्यांची तुलना मुळात तेवढंच वजन असलेल्या पण ऑपरेशन न झालेल्या बायकांशी केली. २०१५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार गरोदरपणातला मधुमेह ६.८ वरून १.९ टक्क्यांवर आला होता, फार मोठ्या वजनाची बाळंही कमी झाली होती. मात्र वाढ कमी झालेली बाळं दुप्पट होती, १५.६ टक्के विरुद्ध ७.६. आईला फायदा आणि बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची गरज, दोन्ही एकाच वेळी पुढे आलं. ऑपरेशनचा विचार करणाऱ्या प्रत्येक तरुणीला हे आधी सांगायला हवं असं मला वाटतं.

आणि मिशिगनमधला तो व्हिडिओंचा अभ्यास. अमेरिकेतल्या त्या राज्यातले सर्जन आपापल्या निकालांची सामाईक नोंद ठेवत होते. त्यांतल्या वीस जणांनी आपण केलेल्या बायपासचा एकेक व्हिडिओ दिला. सर्जनचं नाव न कळू देता इतर सर्जनांनी तो पाहून हाताच्या सफाईला गुण दिले. मग ते गुण आणि रजिस्ट्रीतले निकाल शेजारी ठेवले. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण तीन वर्षांनी त्याच गुणांची सांगड पुढच्या वजनघटीशी घालून पाहिली, तर काही संबंध दिसेना. सफाईदार हात पेशंटला पहिल्या महिन्यातून सुखरूप बाहेर काढतो. वर्षभराने काट्यावर काय दिसेल ते त्याच्या हातात नसतं.

## शंका, आणि त्यांची उत्तरं

### शास्त्रीय चाचण्या असताना नोंदी कशाला?

चाचण्या हव्यातच. फिनलंडमध्ये २४० पेशंटांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली, आणि दहा वर्षांनी स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज दिसली, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. कारण आणि परिणाम इतक्या स्वच्छपणे रजिस्ट्री दाखवू शकत नाही, कारण तिथे कुणाला कुठलं ऑपरेशन करायचं ते डॉक्टर आणि पेशंट ठरवतात, चिठ्ठी नाही. पण चाचणीत निवडक पेशंट आणि निवडक केंद्रं असतात. हजारातून एकदा घडणारी गोष्ट २४० जणांत दिसणार कशी? चाचणी सांगते की हे ऑपरेशन काय करू शकतं. आपल्या देशात ते प्रत्यक्षात काय करतंय, हे रजिस्ट्री सांगते.

### सर्जन अवघड पेशंट नाकारू लागतील.

ही भीती खरी आहे आणि तिला हलक्यात घेऊ नये. ब्रिटनमध्ये २०१३ पासून एकेका सर्जनचे निकाल लोकांपुढे ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा हाच आक्षेप जोरात आला. साठीतला, हृदयविकार असलेला, २०० किलोचा माणूस कोण हातात घेईल?

याचं उत्तर म्हणजे पेशंट किती अवघड होता ते आधी मोजायचं आणि त्याप्रमाणे अपेक्षित धोका काढायचा. मग प्रत्यक्षातला निकाल त्या अपेक्षेशी ताडून पाहायचा, दुसऱ्या सर्जनशी नाही. शिवाय छोट्या केंद्राचा आकडा योगायोगाने वर-खाली होतोच, म्हणून जितकी ऑपरेशनं कमी तितकी मोकळीक जास्त ठेवतात. त्या मर्यादेच्या बाहेर सातत्याने जाणाऱ्याशीच बोलायचं, आणि तेही आधी बंद दाराआड. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या याद्या लावणं मला साफ चुकीचं वाटतं. योगायोगाला गुणवत्तेचं लेबल लागतं.

### माझी माहिती सरकारजमा कशाला?

वजनाइतकी नाजूक माहिती क्वचितच असेल, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ऑस्ट्रेलियात पेशंटला पत्राने कळवतात की तुमची नोंद होणार आहे, नको असेल तर सांगा. नको म्हटलं की नाव निघतं. आधी सही मागायची पद्धत जास्त सभ्य वाटते, पण तिच्यात गोम अशी की ऑपरेशननंतर ज्यांची तब्येत बिघडते, त्यांच्या सह्याच घ्यायच्या राहतात. मग हिशेबातून नेमके तेच गळतात. म्हणून मला नकार देण्याची सोय ठेवणारी पद्धत पटते. अट एवढीच की पेशंटला पत्र समजेल अशा भाषेत असावं आणि बाहेर जाणाऱ्या कुठल्याही अहवालात माणूस ओळखू येऊ नये.

### एवढा खर्च परवडतो का?

बँडची गोष्ट इथे सांगायला हवी. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या २००६ ते २०१३ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बँड बसवलेल्यांपैकी १८.५ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं, अनेकांना एकापेक्षा जास्त वेळा. बँडवर झालेल्या एकूण खर्चातला जवळपास निम्मा पैसा या पुढच्या ऑपरेशनांवर गेला होता. बसवायला सोपा, काढता येणारा, कापाकापी नसलेला म्हणून हा पट्टा जगभर खपला. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बँडची नोंद ठेवली असती, तर कितीतरी लोक त्या फेऱ्यातून वाचले असते. मोजण्याचा खर्च डोळ्यांना दिसतो, न मोजण्याचा खर्च पेशंटच्या अंगावर पडतो.

### नोंद ठेवल्याने निकाल सुधारतात हे तरी सिद्ध झालंय का?

पूर्णपणे नाही. २००५ च्या त्या आकड्यांनंतर मेडिकेअरने २००६ मध्ये अट घातली की मान्यताप्राप्त केंद्रातल्याच ऑपरेशनचे पैसे देऊ, आणि मान्यतेसाठी निकालांच्या नोंदी देणं आलं. निकाल सुधारले. पण त्याच काळात दुर्बिणीची पद्धत सगळीकडे पसरली होती आणि मान्यता नसलेल्या केंद्रांचेही निकाल सुधारत होते. २०१३ मध्ये मेडिकेअरने ती अट काढून टाकली. नुसती वही भरून कुणी बरं होत नाही. वहीत दिसलेलं परत त्या सर्जनपर्यंत, त्या वॉर्डातल्या नर्सपर्यंत पोचलं आणि काहीतरी बदललं, तरच फरक पडतो.

## आता औषधांमुळे नवा पेच

ऑपरेशननंतर तीन-चार वर्षांनी वजन वाढू लागलं की आता अनेकांना ती इंजेक्शनं देतात. काहींना ऑपरेशनच्या आधीही देतात. म्हणजे पाच वर्षांनी काट्यावर दिसणारा आकडा कुणामुळे आला, ऑपरेशनमुळे की औषधामुळे? फॉर्ममध्ये औषधाचं नाव, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख हे रकाने नसतील, तर पुढच्या दहा वर्षांतले सगळे निकाल गढूळ होतील. ऑपरेशन आहे त्याहून चांगलं दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

उलट बाजूही आहे. ही औषधं बंद केली की वजन बऱ्याच अंशी परत येतं, म्हणजे तीही लांब पल्ल्याचीच. मग ती घेणाऱ्यांची अशीच देशभर नोंद का नको? चाचण्या संपल्यावर, रोजच्या जगात, किती जण दोन वर्षांनी ती घेत राहतात, किती सोडतात, सोडल्यावर काय होतं, हे ऑपरेशनइतक्याच काटेकोरपणे मोजलं तरच सुरुवातीच्या त्या तुलनेला अर्थ येईल.

## स्वतः ऑपरेशनचा विचार करत असाल तर

तुमच्या देशात रजिस्ट्री असेल तर तिचा वार्षिक अहवाल बहुधा सर्वांना वाचता येतो; डॉक्टरकडे जाण्याआधी तो चाळा. नसेल, तर सर्जनला थेट विचारा: तुमच्याकडे पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जणांचं आजचं वजन तुम्हाला माहीत आहे? टक्के सांगितले तर ते एकूण वजनाचे की जास्तीच्या वजनाचे? मागच्या वर्षी किती जणांना तीस दिवसांत पुन्हा भरती करावं लागलं, आणि माझ्यासारख्या वयाच्या, माझ्यासारखे आजार असलेल्या लोकांत ते प्रमाण किती? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, आणि ‘निम्म्या लोकांचंच माहीत आहे’ असं सरळ सांगणारा सर्जन ‘सगळ्यांचं उत्तम आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा कधीही जास्त भरवशाचा.

ऑपरेशन झालेलं असेल आणि वजन पुन्हा वाढलं असेल, तरी ठरलेल्या वर्षी तपासणीला जा. जाणं जमतच नसेल, तर वजन आणि चालू औषधं फोनवर तरी कळवा. वजन परत वाढणं हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे, त्यावर उपाय आहेत, आणि लोह, बी-१२ यांच्या तपासण्या तर वजन काहीही असलं तरी जन्मभर कराव्या लागतात.